दोन ते आठ

फ्रिज माझा नाही, सरकारी आहे.
पण त्याची वही माझी:
सकाळी नऊ, दुपारी चार,
तापमानाचे दोन आकडे आणि पुढे सही,
म. ना. हेडाऊ, औषधनिर्माता. अठरा वर्षं झाली.

नवतपा लागला की नागपूर तव्यावर असतं.
वाळ्याचे कूलर कण्हतात, डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि सगळ्यांना आठवतं, भांडारात एक फ्रिज आहे.
कुणी पन्ह्याची बाटली आणतं, कुणी दह्याचा डबा,
मागच्या मे महिन्यात तर एका डॉक्टरसाहेबांचं अर्धं टरबूज.
मी सगळं बाहेर काढतो.
"काहून इतके कडक जी, हेडाऊभाऊ?"

कसं सांगू.
टरबूज सडलं तर वास येतो.
दही आंबलं तर जीभ सांगते.
हे ऑक्सिटोसिन,
करंगळीच्या पेराएवढ्या काचेत एक मिलिलिटर,
उन्हानं मेलं तरी पाण्यासारखंच दिसतं.
लेबल तेच. मुदत पुढल्या वर्षाची.
बाळ बाहेर येतं, मिनिटाच्या आत सुई मांडीत जाते,
आणि पिशवी आवळतच नाही.
तेव्हा कळतं.
तेव्हा कळून काय.

लेबर रूममध्ये मी कधी गेलो नाही.
तिथलं मला ठाऊक आहे ते मागणीच्या चिठ्ठ्यांवरून.
सिस्टर फुलझेले सावकाश लिहितात, वेलांट्या गोल.
ज्या चिठ्ठीत वेलांटी तुटते
तिच्यात ट्रॅनेक्झामिक असतं, कधी कार्बोप्रॉस्ट,
आणि कोपऱ्यात रक्तपेढीचा नंबर.

त्या रात्री अकराला लाइन गेली.
कोराडीच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात,
लाल दिवे लावून उभ्या, शहाण्यासारख्या.
चौकीदाराचा फोन: जनरेटर दोनदा खोकला नि बसला जी.
स्कूटर काढली. रस्ता अजून गरम होता.
फ्रिजमधला काटा सातावर, मग साडेसातावर.
बर्फाच्या पिशव्यांना आधी घाम फुटू दिला,
गोठूही द्यायचं नसतं,
मग निळ्या पेटीत एकेक मोजून ठेवलं. बासष्ट.

वर जिन्यात भूमेश्वरी नेवारेची सासू,
मौद्याकडची, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा.
"बाळंतिणीचं रक्त तर जातेच ना बाप्पा,"
ती मला म्हणाली, की स्वतःला.

दार फटीएवढं उघडलं. सिस्टरचा हात.
"दुपारपासून ट्रेमध्ये होतं ते टोचलं. थांबत नाहीये. थंड आहे का?"
मी अँप्यूल तिच्या तळहातावर ठेवलं.
तिनं मूठ मिटली, आणि क्षणभर
मला वाटलं, तिला नुसता गारवा हवा होता.

आतून काच मोडल्याचा आवाज. टॉर्च हलला.
कुणीतरी म्हणालं, जिभेखाली चार मिसो ठेवा.
त्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही,
पत्र्याच्या उपकेंद्रात त्याच कामी येतात.
कुणीतरी वेळ विचारली: तीन तासांच्या आत आहोत ना,
ट्रॅनेक्झामिक लावा, हळू, दहा मिनिटं.
मी बाहेर, पेटीवर हात ठेवून.
ट्रेमधल्या त्या एकानंच घात केला, असं मी म्हणत नाही.
नाही केला, असंही म्हणता येत नाही.
खरं ते काच सांगत नाही.

पहाटे पावणेचारला सिस्टर बाहेर आल्या,
बोलल्या नाहीत, फक्त मूठ दाखवली, घट्ट.
मला आधी वाटलं, चिडल्या.
मग कळलं: आतली पिशवी आता अशी.
सासूनं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

पाचला लाइन आली.
नऊला मी फ्रिज उघडला, लिहिलं: पाच अंश.
बासष्टांतले तीन कमी. सही केली.
मागच्या खणात कुणाचं तरी पन्हं, इतक्या सकाळीच.
बाहेर काढलं.
आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा,
कुणाचं ते न विचारता,
उभ्यानं सगळं पिऊन टाकलं.